बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे मोजताना या चुका टाळा

पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ६४ घरांची बेरीज २ च्या ६४व्या घाताहून एकने कमी, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आपल्या जुन्या मोजणीतली शेवटची पायरी परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. ही संख्या १८४ परार्धांच्याही वर जाते. आणि दरवर्षी पोरं त्याच त्या खड्ड्यात पडतात.

दहावीतला एक मुलगा एक्सेलमधून उत्तर काढून आला: १८४४६७४४०७३७०९६०००००. खाली सुवाच्य अक्षरात गुणधर्म: सम, १० ने भाग जातो, एक लाखानेही जातो. म्हटलं, ‘अरे, सम संख्येतून एक काढलास, उरलेली सम कशी?’ तर म्हणे, ‘सर, पण कॉम्प्युटरनेच दाखवलंय.’ एक्सेल जेमतेम १५ अंक राखतं, पुढे शून्यं भरतं. आपली संख्या २० अंकी, म्हणजे शेवटचे पाचही अंक खोटे! मी मशीनला हात लावायच्या आधी शेवटचा अंक कागदावर काढतो. २, ४, ८, ६ असं चक्र फिरतं, ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून ६. एक गेला की ५. दहा सेकंदांचं काम, पण तेवढाही धीर कुणाला नसतो. सगळे अंक हवे असतील तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरा. तिथे घातासाठी दोन फुल्या (**) लागतात. टोपीचं चिन्ह (^) टाकलंत तर २ आणि ६४ चं उत्तर ६६ येईल.

शेवटच्या घरात २ चा ६३वा घात असतो, ६४वा नाही.

एकूण दाण्यांच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८७, तिची १५, तिची ६. ‘म्हणजे ६ ने भाग जातो’ असं लिहून मोकळे होऊ नका. ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच. इथे ३ ने जातो, ९ ने नाही, आणि विषम संख्येला ६ ने कसला जातोय?

आता माझं जुनं दुखणं, मूळ अवयव. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की दोन तुकडे पडतात: ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७. पहिला तेच सूत्र लावत लावत ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ पर्यंत सुटतो. दुसऱ्याला शंभरपर्यंत भागून बघतात आणि ‘मूळ’ असा शिक्का मारतात. खात्री करायची तर ६५,५३६ पर्यंत जावं लागतं, हे वर्गमुळाचं साधं गणित. फर्मा या थोर गणितज्ञालाही ती मूळ वाटली होती, पण त्याला सवलत आहे, तुम्हाला नाही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिला ६४१ ने भागून दाखवलं. शॉर्टकट आवडतात ना, मग त्याचा घ्या: हिचा मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्तच असणार. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात सुटली! उरतो तो ६७,००,४१७, आणि तो खरोखरच मूळ आहे.

सातही मूळ अवयव एकेकदाच येतात, म्हणून विभाजक २ चा ७वा घात, १२८. वहीत १२६ दिसले की मी ओळखतो, १ आणि ती संख्या स्वतः मोजायची राहिली.