जीवाश्म स्कॅलप ओळखायचा तर आधी कान बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे भूविज्ञान शिकणाऱ्यांना पायाखाली बसाल्ट, जांभा आणि गोकाकला कलादगीचा वालुकाश्म मिळतो. समुद्री शिंपल्यांचे थर इथे नाहीत; कलादगी तर शिंपल्यांच्या जन्माआधीचा. त्यामुळे स्कॅलप, म्हणजे पंख्याच्या आकाराचा समुद्री शिंपला, पहिल्यांदा हातात येतो तो कॉलेजच्या ट्रेमध्ये किंवा कच्छ, अरियलूरच्या सहलीत. आणि हातात आला की नवखा माणूस लगेच फासळ्या (कवचावरच्या उभ्या उंचवट्याच्या रेघा) मोजायला लागतो. तिथेच चुकतं.

चोच (कवचाचं वरचं टोक) वर आणि बाहेरची बाजू तुमच्याकडे अशी झडप, म्हणजे शिंपल्याच्या दोन कवचांपैकी एक, धरा. चोचीच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी कान दिसतील. उजव्या हाताच्या कानाखाली खोल खाच असेल, तर झडप उजवी. याच खाचेतून बिससचे, म्हणजे शिंपल्याला खडकाला धरून ठेवणारे, धागे बाहेर येत. आता दहापट भिंग लावून खाचेची खालची कड नीट पाहा. कंगव्यासारखी बारीक दातांची रांग म्हणजे टेनोलियम. पेक्टिनिडी कुळाची सगळ्यात भक्कम खूण हीच. गुळगुळीत, चकतीसारख्या एंटोलियममध्ये ती नसते, म्हणून तो एंटोलिइडी कुळात जातो. मात्र कित्येक जातींत वय वाढतं तशी खाच बुजते आणि दात झाकले जातात. मोठ्या नमुन्यात दात दिसले नाहीत म्हणून निकाल देऊ नका. त्याच थरातला लहान नमुना शोधा.

खाचेतली माती सुईने, ओल्या ब्रशने काढा. आम्ल अजिबात नको. हे कवच बहुतेक कॅल्साइटचं असतं, म्हणूनच ॲरागोनाइट या त्याच रसायनाच्या पण लवकर विरघळणाऱ्या खनिजाचे शेजारचे शिंपले विरघळून गेले तरी ते टिकतं. पण आम्लाचा एक थेंब पडला की तुम्हाला हवी असलेली कडच आधी जाते.

फासळ्या नंतर, आणि नेहमी चोचीपासून ठरावीक अंतरावर, समजा 20 मिमीवर, मोजा. काही फासळ्या पुढे दुभंगतात, काहींच्या मध्ये नव्या उगवतात. कडेला मोजाल तर एकाच जातीचे दोन आकडे येतील. नमुना म्हणजे आतला साचा (कवच जाऊन उरलेला आतल्या मातीचा ठसा) असेल तर बारीक नक्षी उमटलेलीच नसते. वहीत तशी नोंद करा.

क्रिटेशियस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातला नीथिया मुद्दाम पाहा. उजवी झडप फुगीर, डावी सपाट, अगदी पेक्टेनचा (पेक्टिनिडी कुळातल्या नमुनेदार स्कॅलपचा) तोंडवळा. ठळक फासळ्यांच्या मधे बारीक फासळ्या असतात. तरीही त्याचं कुळ वेगळं, नीथिइडी.

कान तुटलेला असेल तर लेबलवर प्रजातीचं नाव लिहू नका. ‘पेक्टिनॉइड (स्कॅलपसारखा), कान तुटलेला’ एवढंच लिहा.