‘कुठे शोधलंस?’ : विज्ञान ग्रंथालयाच्या डिजिटल दालनात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या तिसऱ्या महिन्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने गाइडना सांगितलं, “सर, सोन्याच्या नॅनोकणांच्या स्थैर्यावर या अंगाने कुणी काम केलेलं दिसत नाही.” सरांनी मान वर न करता विचारलं, “कुठे शोधलंस?”

“गूगल स्कॉलरवर.”

“काय शब्द टाकलेस?”

याचं धड उत्तर मला देता आलं नाही. काहीबाही टाकलं होतं, पहिली दोन-तीन पानं चाळली होती, एवढंच. सरांनी ग्रंथालयाकडे बोट दाखवलं.

तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी विषय ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, “नॅनो हा शब्द रुळायच्या आधी लोक याला काय म्हणायचे?” माझी ट्यूब तेव्हा पेटली. कोलॉइड, म्हणजे द्रवात विखुरलेले अतिसूक्ष्म कण. सोल, म्हणजे तसे कण असलेला द्रव. सोन्याच्या अशा लाल द्रवावर फॅरडेने १८५७ साली लिहिलंय. आम्ही प्रयोगशाळेत हे कण बनवायला रोज वापरतो ती टर्केविचची सायट्रेट पद्धत १९५१ची, आणि त्या पेपरच्या शीर्षकात ‘कोलॉइडल गोल्ड’ आहे, ‘नॅनो’ कुठेच नाही. मी ‘नॅनोपार्टिकल’ टाकून शोधत बसले होते, म्हणजे विषयाचा सगळा जुना वाडाच बाहेर ठेवून नव्या पडवीत झाडू मारत होते. अर्ध्या तासात मॅडमनी ‘कुणीच न केलेल्या’ माझ्या कामाचे तीन पेपर काढून दाखवले. त्यातला एक माझ्या जन्माआधीचा होता.

तेव्हापासून सरांचा तो प्रश्न डोक्यात बसलाय. काय सापडलं हे सगळेच सांगतात. कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधलं हे ज्याला सांगता येतं, त्याच्याच ‘सापडलं नाही’ला काही अर्थ असतो. ग्रंथालयाच्या पानावर पन्नास साधनांची यादी दिसली की घाबरायला होतं. सगळी लागत नाहीत. पण जी वापराल, त्यांच्या पोटात काय आहे ते माहीत हवं.

गूगल स्कॉलर वाईट नाही. अर्धवट आठवणारं शीर्षक शोधायला त्याच्याइतकं झटपट काही नाही, शिवाय ते पेपरच्या आतल्या मजकुरातही शोधतं. अडचण अशी की त्यात नेमकी कोणती नियतकालिकं आहेत याची यादी मिळत नाही, आणि वर ‘दोन लाख निकाल’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात पहिले १००० च पाहता येतात. विषयाची तोंडओळख करून घ्यायला ठीक. ‘मी सगळं पाहिलंय’ असं म्हणायला मात्र ते पुरत नाही.

वेब ऑफ सायन्स हा पेपर आणि त्यांचे एकमेकांतले हवाले नोंदवणारा डेटाबेस. त्याचं मूळ यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. तो १९६४ साली छापील खंडांत सुरू झाला होता. स्कोपस हा तसाच डेटाबेस, २००४चा. दोन्हींत निवडक नियतकालिकं असतात आणि दोन्हींची वर्गणी विद्यापीठ भरतं, त्यामुळे तुमच्याकडे कोणतं आहे ते आधी विचारा. एकही नसेल तर त्याच धर्तीचं, २०२२ पासूनचं ओपनअॅलेक्स सगळ्यांना मोफत आहे. यांचा खरा उपयोग शब्द टाकून शोधण्यात नाही, असं माझं मत. एक चांगला जुना पेपर पकडायचा आणि त्याचा हवाला पुढे कुणी कुणी दिलाय ते पाहत खाली उतरायचं. शब्द बदलतात, पण हवाल्यांची साखळी सहसा तुटत नाही. कोलॉइडपासून नॅनोपर्यंत मी अशीच चालत आले.

जीवविज्ञानाकडच्यांनी पबमेड (वैद्यक आणि जीवविज्ञानातल्या पेपरांची सूची) नीट शिकून घ्यावं. १९९७ पासून ते सर्वांना मोफत आहे, त्यामुळे आपल्याला ते येतंच असं प्रत्येकाला वाटतं. तुम्ही साधा शब्द टाकता तेव्हा पबमेड गुपचूप त्याचे समानार्थी शब्द आणि ‘मेश’ नावाच्या ठरीव शब्दसूचीतली संज्ञा जोडून घेतं. अॅडव्हान्स्ड पानावरच्या सर्च डिटेल्समध्ये ते उलगडून पाहता येतं. एकदा तरी पाहाच. शब्दाची सगळी रूपं यावीत म्हणून शेवटी तारांकन (*) टाकलं की ही आपोआप जोडणी बंद होते. हे ठाऊक नसल्याने माझ्या मैत्रिणीला वाटत होतं की तारांकनाने निकाल नेहमी वाढतातच. आणि फक्त मेश संज्ञेवरही विसंबू नका, कारण प्रत्येक नोंदीला ती जोडलेली असतेच असं नाही. संज्ञा आणि साधे शब्द, दोन्ही ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडून टाका.

रसायनवाल्यांचं दुखणं वेगळं. एकाच पदार्थाला दहा नावं. अॅस्पिरिन म्हणा, अॅसिटिलसॅलिसिलिक आम्ल म्हणा, नाहीतर व्यापारी नावाने हाक मारा; कॅस क्रमांक (पदार्थाचा नोंदणी क्रमांक) मात्र एकच, ५०-७८-२. सायफाइंडर आणि रीअॅक्सिस या रसायनशास्त्राच्या डेटाबेसमध्ये तर रेणूची रचनाच काढून शोधता येतं. सायफाइंडरसाठी विद्यापीठाच्या ईमेलवरून वेगळी नोंदणी करावी लागते. ती पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

आता शोधाच्या नोंदवहीबद्दल. मी एक साधी स्प्रेडशीट ठेवते: तारीख, डेटाबेस, टाकलेली शब्दांची ओळ जशीच्या तशी, किती निकाल आले, किती ठेवले, आणि एक शेरा. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण पुढे रिव्ह्यू पेपर लिहिला तेव्हा रिव्ह्यूअरने शोधाची पद्धत सविस्तर मागितली आणि माझं ते परिशिष्ट एका दुपारीत तयार झालं. डेटाबेसमध्ये खातं उघडून तीच ओळ जतन केली की नवा पेपर आला की ईमेल येतो. अशा सूचना तीन-चारच ठेवा. मी सतरा लावल्या होत्या आणि एकही उघडत नव्हते.

पेपर सापडतो, पण उघडत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. घरून काम करताना आधी विद्यापीठाचं व्हीपीएन किंवा प्रॉक्सी लॉगिन लागलंय का पाहा; निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. नाहीतर अनपेवॉल हे ब्राउझरमधलं छोटं जोडसाधन कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे का ते दाखवतं. तेही नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेव आहे, तिचा फॉर्म भरायला दोन मिनिटं लागतात. लेखकाला नम्रपणे ईमेल करायलाही हरकत नाही. बहुतेक जण खुशीने पाठवतात.

इथे माझा पराक्रम सांगते. एका रात्री मी छोटी स्क्रिप्ट लिहून एका प्रकाशकाचे काही शे पेपर ओळीने उतरवून घ्यायला लावले आणि झोपले. सकाळी त्या प्रकाशकाने आख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश रोखला होता. आयपी पत्त्यांचा संच सगळ्यांचा एकच, त्यामुळे माझ्यापायी इतर विभागांचीही दारं बंद झाली. वर्गणी भरली म्हणजे घाऊक डाउनलोडची मुभा मिळाली असं नसतं. मजकुराचं यांत्रिक विश्लेषण करायचं असेल तर प्रकाशकाची वेगळी परवानगी किंवा एपीआय (स्क्रिप्टने मजकूर मागायची अधिकृत वाट) लागतो, आणि तो मिळवून द्यायला ग्रंथालय मदत करतं. मॅडमनी मला ओरडा दिला नाही, पण खुलासापत्र माझ्याच हाताने लिहवून घेतलं.

रेफरन्स सांभाळायला मी झोटेरो वापरते. २००६ पासूनचं, मोफत, मुक्तस्रोत. त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबीच जागा फुकट मिळते. ती पीडीएफनी लवकर भरते, म्हणून फाइली कुठे ठेवायच्या ते सुरुवातीलाच ठरवा. आपोआप आलेली माहिती तपासल्याशिवाय सोडू नका: लेखकाचं आडनाव नावाच्या रकान्यात, टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूत्रातला खालचा २ सरळ ओळीत, असले प्रकार सर्रास होतात. मागे घेतलेल्या पेपरवर झोटेरो लाल इशारा देतं, तो रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींवरून. माझ्या यादीत असा एक निघाला होता आणि तो मी दोनदा उद्धृत केलेला होता.

प्रीप्रिंट (नियतकालिकात छापून येण्याआधी खुला केलेला पेपर) वाचताना तारीख आणि आवृत्ती टिपून ठेवा. भौतिकशास्त्रात अर्काइव्ह हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ १९९१ पासून आहे, तिथे ही सवय मुरलेली आहे. बायोअर्काइव्ह २०१३चं, केमअर्काइव्ह २०१७चं. यातलं लेखन अजून समीक्षेतून गेलेलं नसतं आणि पहिल्या आवृत्तीपासून तिसऱ्या आवृत्तीपर्यंत निष्कर्ष बदललेला असू शकतो. चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून उघडल्याशिवाय हातही लावू नका. नियतकालिक, खंड, पान सगळं अगदी खरं वाटेल असं रचून देतात आणि तो पेपर अस्तित्वातच नसतो.

पेपर कुठे पाठवायचा यावर फार लिहीत नाही. झटपट छापून देतो म्हणणारी गोड ईमेलं आली की ‘थिंक, चेक, सबमिट’ची प्रश्नावली आणि डीओएजेची (पारखून घेतलेल्या मुक्त नियतकालिकांची) यादी पाहा, तरीही शंका उरली तर ग्रंथपालांना विचारा. डेटा जमा करून ठेवायला झेनोडो सोपं पडतं: सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने चालवलेलं, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा, आणि लगेच डीओआय मिळतो.

ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) आजच काढा, पाच मिनिटांचं काम. सोळा स्थानांचा असतो, शेवटी एक्स दिसला तर चूक समजू नका, तो पडताळणीचा अंक आहे. आणि ऑर्किड, झोटेरो, झेनोडो या खात्यांना तुमचा खासगी ईमेलसुद्धा जोडून ठेवा. आमच्या प्रयोगशाळेतला एक सिनियर पदवी घेऊन गेला, काही आठवड्यांत त्याचा विद्यापीठाचा ईमेल बंद झाला, आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पत्त्यावर जात राहिली.