टर्बो गाडीचा मॅप सेन्सर बदलताना या चुका टाळा

नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत कुठल्याही गॅरेजात बसा, हे वाक्य हमखास कानावर पडतं: "रीमॅप झालंय, आता तीन बारचा मॅप सेन्सर टाकतो, मग बघ गाडी कशी उठते." रीमॅप म्हणजे ईसीयूचं, गाडीच्या इंजिन-संगणकाचं, सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. पण सेन्सरने गाडी काही उठत नाही. मॅप सेन्सर म्हणजे मोजपट्टी. मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) हवेचा दाब मोजायचा आणि तो व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला कळवायचा, एवढंच त्याचं काम. बार हे दाबाचं एकक; 'तीन बारचा' म्हणजे तेवढ्या दाबापर्यंत मोजणारा. लांब पट्टी आणली म्हणून कापड वाढत नाही.

मग बदलायचा कधी? जुनी पट्टी खरंच तोकडी पडली तर. स्कॅनरवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, आलेख काढा. चढता चढता तो वरती अचानक सपाट झाला आणि सेन्सरचं व्होल्टेज साडेचारच्या पुढे जाऊन अडकलं, तर दाब वाढतोय पण सेन्सरला दिसत नाही, असं समजा. हे दिसत नसेल तर पैसे खिशात ठेवा.

'बार'चा घोळ

सेन्सर निर्वात पोकळीपासून मोजतो, डॅशबोर्डवरचं बूस्ट मीटर बाहेरच्या हवेपासून. बाहेरची हवाच सुमारे एक बार असते, त्यामुळे दीड बार बूस्ट म्हणजे सेन्सरच्या भाषेत अडीच बार. 'दोन बार बूस्ट मारतो, तीन बारचा सेन्सर पुरेल' हा हिशेब नाशिकमध्ये जेमतेम बसतो. कारण आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि इथली हवा साधारण ९५ किलोपास्कल, म्हणजे ०.९५ बार. बूस्ट कंट्रोलर हाताने सेट केलेला असेल तर तीच गाडी कसारा घाट उतरून ठाण्याला पोचली की बेरीज तीनच्या वर जाते. शेवटच्या रेघेपर्यंत ताणू नका, थोडी पट्टी शिल्लक राहू द्या.

सेन्सर बदलला, ईसीयूला सांगितलंच नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मीही केली आहे. पेट्रोल टर्बोमध्ये अडीच बारचा काढून तीन बारचा बसवला. कनेक्टर खटकन बसला, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. चाल जरा ओढल्यासारखी वाटत होती, तर गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आहे, शंभर किलोमीटर चालवा, सेट होईल." सेन्सर म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल नव्हे, पायाला सवय होऊन सैल व्हायला!

झालं असं होतं. तीन बारचा सेन्सर तेवढ्याच दाबाला कमी व्होल्टेज देतो. ईसीयू ते जुन्या कोष्टकाने (किती व्होल्टेज म्हणजे किती दाब, ही त्याच्यातली यादी) वाचतो आणि समजतो की हवा कमी आहे, म्हणून पेट्रोलही कमी टाकतो. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती) अधिक वीस टक्क्यांच्या आसपास गेलेला दिसतो, बाकी सगळं आलबेल. बूस्टमध्ये मात्र ही सांभाळासांभाळ बऱ्याच गाड्यांत बंद असते. तिथे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग म्हणजे इंधनाचा अवेळी भडका सुरू होतो आणि पिस्टनवर येतं. वर बूस्ट कमी आहे असं वाटून ईसीयू टर्बोला आणखी ढकलतो, ते वेगळंच. डिझेलमध्ये कमी हवा दिसली की इंधन कापलं जातं, गाडी मरगळते, आणि टर्बोवरचा ताण वाढतो तो वाढतोच.

हे सगळं इंजिन चालू न करता पकडता येतं. सेन्सर बसवा, चावी ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे स्कॅनरवर नाशिकमध्ये ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास आकडा यायला हवा. ७९-८० आला तर कोष्टक अडीच बारचंच राहिलंय. दुसरं टोकही पाहिलंय: ९५ बघून 'शंभर हवे होते, माल डुप्लिकेट आहे' म्हणत चांगला सेन्सर परत करायला निघालेले लोक. शंभराच्या वरचा आकडा मुंबईचा, आपला नव्हे.

कोष्टक भरताना सेन्सरच्या पार्ट नंबरचेच आकडे घ्या. 'तीन बार' लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या सेन्सरची सुरुवात आणि शेवट वेगळा असू शकतो.

प्लग बसला म्हणजे पिना जुळल्या असं नाही

चार पिनांच्या सेन्सरमध्ये दाबाबरोबर हवेचं तापमानही मोजलं जातं: पाच व्होल्ट, अर्थिंग, दाबाचा सिग्नल, तापमानाचा सिग्नल. यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. मल्टीमीटर लावून खात्री करा, मगच जोडा. तापमानाचं कोष्टकही तपासा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी बाहेरचं आणि मॅनिफोल्डचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. जानेवारीत निफाडकडे कुडकुडत उभे असाल आणि स्कॅनर ४० अंश दाखवत असेल, तर उत्तर मिळालं.

रोग म्हशीला, औषध पखालीला

स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी. हा कोड आला की बिचाऱ्या सेन्सरवर पहिला आळ येतो. आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, म्हणजे रबरी पाइप, बघा. फाटलेला होज जोर लावल्यावर शिट्टी मारतो. डिझेलमध्ये ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी सेन्सरच्या तोंडावर थापून बसते. तिथे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवलं की बऱ्याचदा जुनाच सेन्सर नीट वाचायला लागतो. कार्ब्युरेटर क्लीनर नको, आणि सुई-टाचणी तर अजिबात नको. आतला पडदा फार नाजूक असतो.

ओ-रिंग नवी घाला, इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा. सिलिकॉन सीलंट थापू नका, सुटलेला तुकडा सेन्सरच्या भोकात अडकतो. होजवर लांब बसणारा सेन्सर असेल तर तोंड खाली ठेवा, नाहीतर तेल-पाणी त्यातच साचतं. पेट्रोल गाडीत हा होज थ्रॉटलच्या पुढून, म्हणजे मॅनिफोल्डमधूनच घ्या.

आणि पहिला फुल थ्रॉटल लगेच मारायचा नाही. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने लॅपटॉप सांभाळावा. मी इगतपुरीकडून येताना रिकाम्या चढावर अर्ध्या थ्रॉटलने सुरुवात करतो. वेग फार न वाढवता इंजिनवर भार येतो, आणि आकडे पटेपर्यंत पाय त्यापुढे जात नाही.