सिंहस्थाच्या गर्दीआधी: आपली कागदपत्रं, आपलं नाव

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसं नाशिकमध्ये ज्याच्याकडे एखादी खोली मोकळी आहे, त्याच्या डोक्यात भाड्याचे हिशेब सुरू झालेत. पंचवटीत, नाशिकरोडला, त्र्यंबकच्या वाटेवर पाहुणे उतरतील, ठेकेदार माणसं भरतील, छत्री लावून सिमकार्डं विकली जातील आणि जिकडेतिकडे एकच मागणी असेल: आधारची झेरॉक्स द्या. दुसऱ्याच्या नावावर कर्ज, सिम किंवा बोगस फर्म काढू पाहणाऱ्याला फार मोठी विद्या लागत नाही. असा एक स्वच्छ कागद, चालू मोबाइल नंबर आणि जन्मतारीख मिळाली की त्याची सुरुवात होते. म्हणून खोलीला रंग द्यायच्या आधी एक मोकळा रविवार काढा आणि घरातल्या सगळ्यांचे फोन, आधार, पॅन, पासबुकं एका टेबलावर घेऊन बसा.

सुरुवात मोबाइल नंबरापासून. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला आणि बँक खात्याला कुठला नंबर जोडलाय ते बघा. बऱ्याच घरांत आजीच्या आधारला नातवाचा जुना, केव्हाच बंद पडलेला नंबर असतो. बंद नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, मग आजीचा ओटीपी जातो भलत्याच माणसाच्या फोनवर. असं निघालं तर बाकीचं थांबवा आणि आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्याच ओटीपीवर चालते. मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहा. महाराष्ट्रात एका माणसाला ९ पर्यंत घेता येतात, त्यामुळे परक्याच्या सिमला लपायला भरपूर जागा असते. अनोळखी नंबर दिसला की तो आपला नाही असं तिथल्या तिथे नोंदवता येतं.

नंबर जागेवर आला की मास्क्ड आधार उतरवून घ्या. यात पहिले ८ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे ४ दिसतात. लॉज, सोसायटीचं गेट, जिमचा फॉर्म, अशा ठिकाणी एवढं पुरतं. उतरवलेल्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छा गोळा करणाऱ्याने हे कुलूप कितपत भक्कम समजायचं ते स्वतःच ठरवावं. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं होतं. गैरसमज होईल म्हणून ते दोनच दिवसांत मागे घेतलं गेलं. माझ्या मते सल्ला बरोबरच होता.

पूर्ण आधारची प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर तारीख, कुणाला दिली आणि कशासाठी हे पेनाने आडवं लिहा, अक्षरं थोडी फोटोवरूनही जातील असं. सातपूर-अंबडला कामाला लागताना ठेकेदार आधार, पॅन, पासबुक, चार फोटो असा अख्खा संच मागतात. निफाड-दिंडोरीकडे पीककर्जाच्या फायलीत त्यात सातबाराची भर पडते. संच द्यायला लागतोच, पण कोरा चेक आणि कोऱ्या कागदावरची सही त्यात कधीही नको.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात सैल दोर तिथेच आहे. सीबीएस बसस्थानक असो की कलेक्टर कचेरीचा परिसर, पद्धत एकच: भिंतीवर लिहिलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर फाइल पाठवा, प्रिंट घ्या, पाच-दहा रुपये द्या, चला. ती फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड होऊन बसते. आपण आपल्याकडून संदेश पुसला तरी तिथली प्रत जाईलच असं नाही. दुकानदार सज्जन असला तरी त्या कॉम्प्युटरला दिवसभर सतरा जणांचे हात लागतात. तेव्हा फाइल मास्क्डच पाठवा, समोर उभं राहून ती काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. बिघडलेली प्रिंट तिथल्या डब्यात न टाकता घरी आणा. आणि दुकानात स्वतःचा ईमेल उघडणं तर टाळाच.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात काही ठिकाणी उघडकीला आलेत. म्हणून आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशन दुकानात किंवा नवीन सिम घेताना ते तात्पुरतं उघडता येतं. घरातलं रेशन आणायला कोण जातं त्याला हे आधी समजावून ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात दुकानातून फोन येईल. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे पडताळलं गेलं त्याची यादीही मिळते. ती वाचाच.

पॅनचं काम अर्ध्या तासाचं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या पॅनवरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो. एकाच दिवशी चारही मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एक मागवला की वर्षभर नजर राहते. स्कोअरचा आकडा बघून समाधान मानू नका. कोणकोणत्या संस्थांनी आपल्याबद्दल चौकशी केली आणि अहवालात पत्ता, फोन कुठला आहे, ते तपासा. आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरणात न केलेला व्यवहार दिसतोय का, आणि जीएसटीच्या पोर्टलवर आपल्या पॅननं शोधल्यावर एखादी फर्म निघतेय का, हेही त्याच बैठकीत उरका. ज्यानं आयुष्यात दुकान टाकलं नाही, त्यानंही हे बघायला हवं.

घरातलं कुणी गेलं असेल, तर गोदाकाठचे विधी आटोपल्यावर त्यांचं सिम, खातं आणि पॅन यांचाही निकाल लावा. गेलेल्या माणसाच्या नावावर काही चाललंय का, हे बघायला सहसा कुणी बसत नाही.

तुम्ही खोली देणार असाल तर पाहुण्यांचे कागदही तुमच्याच जबाबदारीत येतात. आधार खरं आहे का हे बघायला प्राधिकरणाच्या ॲपनं त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्यातल्या माहितीवर डिजिटल सही असते, बनावट प्रिंट तिथेच उघडी पडते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते ती द्या, पण झेरॉक्सचा गठ्ठा टीव्हीखालच्या उघड्या खणात ठेवू नका. कुलपात ठेवा आणि गरज संपली की बारीक फाडून टाका.

शेवटी एक कागद तयार करा आणि फोनमध्ये न ठेवता कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण गरज पडेल त्या दिवशी कदाचित फोनच हातात नसेल. त्यावर मोठ्या अक्षरांत सायबर फसवणुकीचा १९३०, आधारचा १९४७ आणि आपल्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, तोही पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घेतलेला, गूगलवर शोधून नव्हे. सगळीकडे रेंज असताना आपल्याच फोनची रेंज अचानक गेली आणि परत येईना, तर दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला विचारा, कुणी आपलं सिम बदलून घेतलं असू शकतं. पैसे गेले तर आधी १९३०, मग बँक. आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तिला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तो भुर्दंड ग्राहकावर येत नाही. तक्रार देताना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी लक्षात असू द्या. दुसऱ्याची ओळख वापरण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. न घेतलेलं कर्ज क्रेडिट अहवालात निघालं, तर कर्ज देणारी संस्था आणि क्रेडिट कंपनी दोघांकडे लेखी हरकत घ्या आणि तक्रारीचा क्रमांक त्याच कागदावर तारखेसकट लिहा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.