टीव्हीचं चित्र लुकलुकतंय? मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा

चित्र लुकलुकायला लागलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पॅनल गेलं." पॅनल म्हणजे टीव्हीचा पडदा; तो बदलायचा म्हणजे जवळजवळ नव्या टीव्हीची किंमत, त्यामुळे घरात लगेच चिंता. आमच्याकडेही मागच्या पावसाळ्यात असंच झालं आणि दोष निघाला डिशच्या वायरमध्ये. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा.

पहिलं काम: टीव्हीच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. सेट-टॉप बॉक्सच्या नाही, टीव्हीच्याच. मेनू स्थिर आणि फक्त मागचं चित्र लुकलुकत असेल, तर टीव्ही बहुधा ठीक आहे. दोष बॉक्समध्ये किंवा वायरमध्ये असणार. मेनूही लुकलुकत असेल, तर दोष टीव्हीत किंवा विजेच्या पुरवठ्यात.

मेनू स्थिर असेल तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बंद करा, बॉक्स टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा. फरक नाही पडला तर दुसऱ्या पोर्टला लावा, मग केबल बदलून बघा. मध्येच दोन-तीन सेकंद पडदा काळा होऊन चित्र परत येत असेल, तर संशय आधी केबलवरच घ्या. ४के चित्र जुन्या केबलला पेलेलच असं नाही; बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० करून पाहा.

चित्राचे चौकोन-चौकोन होत असतील, तर सिग्नल कमी पडतोय. डिशवर येणाऱ्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. भर पावसात गच्चीवर कुणालाही चढवू नका. उघडीप झाल्यावरही तसंच राहिलं, तर बॉक्स बंद करून मागची गोल वायर फिरवून काढा. मधली तांब्याची तार चकचकीत हवी. आमची हिरवी पडली होती, पाणी आत शिरलेलं. डिशकडच्या टोकालाही तेच. खराब भाग कापून नवे कनेक्टर लावले आणि चित्र स्वच्छ झालं.

मेनूही लुकलुकत असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका, प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. सॉकेट काळवंडलंय, प्लग गरम लागतोय किंवा चरचर ऐकू येतेय? मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरातले दिवेही कधी मंद, कधी भगभगीत होत असतील, तर मात्र थांबू नका. न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, ढिली असू शकते, मग २३० व्होल्टच्या जागी कितीतरी जास्त दाब येऊन टीव्ही, फ्रिज सगळंच जळू शकतं. मेन बंद करा आणि १९१२ वर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा.

उजेड फक्त हळूहळू कमी-जास्त होत असेल, तर वीजबचत आणि खोलीतल्या उजेडानुसार ब्राइटनेस बदलण्याचं सेटिंग बंद करा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पडद्यावर पट्टे दिसतात, तो बिघाड नव्हे.

आवाज येतोय पण पडदा काळा? खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं, तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचे दिवे, किंवा त्याचा वीजपुरवठा गेलाय, पॅनल शाबूत असण्याची शक्यता मोठी. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. मेकॅनिकला फोनवरच सांगा, "आवाज आहे, टॉर्चच्या उजेडात चित्र दिसतंय." म्हणजे तो बॅकलाइटच्या पट्ट्या बरोबर घेऊनच येईल.