माणिक की लाल स्पिनेल? खडा तपासताना या चुका टाळा

इंग्लंडच्या राजमुकुटात दर्शनी भागी बसवलेले ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे माणिक नाही, लाल स्पिनेल आहे. युरोपात ही दोन वेगळी खनिजे म्हणून ओळखली गेली ती १७८३ मध्ये. म्यानमारमधल्या मोगोकला दोन्ही खडे एकाच संगमरवरात घडतात, एकाच गाळात सापडतात आणि दोघांनाही लाली देते ते क्रोमियमच. त्यामुळे नुसत्या नजरेवर निवाडा करू नये.

माणिक म्हणजे कुरुंद, अर्थात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. मोह मापनावर काठिण्य ९, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) ४.००, अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.७६२ ते १.७७०. स्पिनेल हे मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. काठिण्य ८, विशिष्ट गुरुत्व ३.६०, अपवर्तनांक साधारण १.७१८. आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा फरक असा, की माणिकाच्या स्फटिकाला एक प्रकाशीय अक्ष असतो. त्या अक्षाची दिशा सोडली तर प्रकाश दोन किरणांत फुटतो. स्पिनेल घन प्रणालीचे, त्यात अशी वेगळी दिशाच नसते. तपासणीतल्या बऱ्याच चुका खडा न फिरवता निकाल दिल्याने होतात.

रिफ्रॅक्टोमीटरवर एकच वाचन घेणे

रिफ्रॅक्टोमीटर हे अपवर्तनांक मोजायचे साधन. त्याच्या मापपट्टीवर दिसणारी रेषा म्हणजे वाचन, आणि प्रकाश दोन किरणांत फुटला तर दोन रेषा दिसतात. माणिकाच्या दोन रेषांमधले अंतर जास्तीत जास्त ०.००८. अक्ष टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, पातळीत असेल तर एका विशिष्ट स्थितीत दोन्ही रेषा एकमेकींवर येतात आणि खडा एकेरी अपवर्तनाचा वाटतो. म्हणून खडा ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर ठेवून वाचा आणि प्रत्येक वेळी नेत्रिकेवरचा पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी चकती) फिरवा. एक रेषा १.७७० वर स्थिर आणि दुसरी खाली सरकणारी, किंवा दोन्ही रेषा शेवटपर्यंत ०.००८ अंतरावर स्थिर, असे दिसले तर माणिक. चारही स्थितींत १.७१८ च्या आसपास एकच रेषा मिळाली तर स्पिनेल.

पांढऱ्या दिव्यात रेषेची कड रंगीत आणि पसरट दिसते, ०.००८ चा फरक त्यात हरवतो. ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश वापरा. खडा आणि उपकरणाची काच यांच्यामध्ये लावायचा संपर्कद्रव टाचणीच्या डोक्याएवढाच पुरतो. जास्त झाला तर छोटा खडा त्यावर तरंगतो आणि रेषा धूसर होते. १.७९ किंवा १.८१ ला दिसणारी फिकट रेषा खड्याची नसून द्रवाची असते. काम झाल्यावर द्रव लगेच पुसा, नाहीतर त्यातले गंधक काचेवर स्फटिकरूपात बसते.

घुमटाकार पॉलिशच्या खड्याचे वाचन दुरून ठिपका पाहून घ्यावे लागते आणि त्याची अचूकता ०.०१ च्या घरातली. माणिक आणि स्पिनेल वेगळे करायला तेवढी पुरते. मात्र ठिपका १.७४ ते १.७६ च्या मध्ये घुटमळत असेल तर लाल गार्नेटची शक्यता आधी तपासा.

लाल चमकले म्हणजे माणिक

अतिनील टॉर्चखाली लांब तरंगलांबीत क्रोमियम लाल चमकते आणि ते दोन्ही खड्यांत आहे. उलट लोह जास्त असलेले माणिक, उदाहरणार्थ थायलंडचे, फारच मंद चमकते. या चाचणीचा खरा उपयोग गार्नेट वेगळे काढायला होतो, कारण ते चमकत नाही.

पोलारिस्कोपचे उत्तर अंतिम मानणे

पोलारिस्कोपमध्ये खडा दोन पोलरायझरांच्या मध्ये फिरवून पाहतात: दुहेरी अपवर्तनाचा खडा आळीपाळीने उजळतो आणि काळवंडतो, एकेरीचा काळाच राहतो. पण अंतर्गत ताणामुळे स्पिनेलमध्येही नागमोडी उजेड-काळोख दिसतो आणि ते दुहेरी अपवर्तनाचे भासते. अक्षाच्या दिशेने धरलेले माणिक मात्र पूर्ण फेरीत काळेच राहते. निदान तीन दिशांनी पाहा. लाल खड्यांसाठी डायक्रोस्कोप हे दोन किरणांचे रंग शेजारशेजारच्या दोन चौकटींत दाखवणारे साधन अधिक भरवशाचे आहे. माणिकात एका चौकटीत जांभळट लाल आणि दुसरीत नारिंगी लाल रंग दिसतो. दोन रंग दिसले तर ते स्पिनेल नाही, हे पक्के. एका दिशेने दिसले नाहीत, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खडा फिरवून पुन्हा पाहा.

लहान खडा पाण्यात तोलणे

सूत्र सोपे आहे: हवेतले वजन भागिले हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनातला फरक. ५ कॅरेटचे माणिक पाण्यात ३.७५ भरते, तेवढेच स्पिनेल ३.६१. हा फरक साध्या काट्यावरही कळतो. पण अर्ध्या कॅरेटच्या खड्यात माणिकाचे वजन ०.१२५ ने घटते आणि स्पिनेलचे ०.१३९ ने. ०.०१ कॅरेट दाखवणाऱ्या काट्यावर यावरून निर्णय घेऊच नका. खड्याला किंवा तारेच्या टोपलीला चिकटलेला हवेचा बुडबुडा पाण्यातले वजन कमी दाखवतो, म्हणजे माणिक स्पिनेलकडे झुकते. उकळून गार केलेले पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि बुडबुडे बारीक कुंचल्याने झटका. दागिन्यात जडवलेल्या खड्यावर ही चाचणी चालत नाही.

आकडे जुळले म्हणजे नैसर्गिक

ही सर्वांत महाग पडणारी चूक. कृत्रिम माणिकाचे अपवर्तनांक आणि गुरुत्व नैसर्गिकासारखेच असतात. दहापट भिंगाखाली वक्र वाढरेषा किंवा वायूचे गोल बुडबुडे दिसले तर ज्योतीत वितळवून बनवलेले माणिक समजा. नैसर्गिक माणिकात वाढरेषा सरळ असतात, १२० अंशांत वळतात आणि रूटाइल या खनिजाच्या रेशमी सुया आढळू शकतात. नैसर्गिक स्पिनेलमध्ये इवले अष्टफलक ओळीने दिसू शकतात. भेगांमध्ये निळसर झळक आणि चपटे बुडबुडे असतील तर ते शिसेयुक्त काच भरलेले माणिक. असा खडा आम्लात बुडवू नका आणि सोनाराच्या ज्योतीखाली जाऊ देऊ नका. त्यातल्या काचेला लिंबाचा रसही खातो.

ओरखडा काढून पाहणे

माणिक स्पिनेलवर ओरखडा काढते, हे खरे. पण त्या ओरखड्याने खड्याची किंमत उतरते, आणि वरची एकही चाचणी खड्याला धक्का लावत नाही. दोन्ही खडे एका पुडीत ठेवले तरी घासून स्पिनेलच्या पैलूंच्या कडा झिजतात.