गणपतीला गावी निघण्याआधी: ऑइल खाणाऱ्या गाडीची तयारी

गाडी ‘किती देते’ हे सोसायटीच्या वॉचमनपासून सासऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. ती ऑइल किती खाते, हे मात्र बहुतेक मालकांना सांगता येत नाही. दहा-बारा वर्षं झालेली, लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली पेट्रोल किंवा सीएनजी गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थोडंफार ऑइल संपवतेच. तिच्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घालून मुंबईहून सावंतवाडीपर्यंत जायचं असेल, तर जाण्याचे पाचेकशे किलोमीटर, येण्याचे तेवढेच आणि गावातली फिरती धरून बाराशे किलोमीटरचा हिशोब आधी मांडावा लागतो. तयारीला आषाढी एकादशीच्या सुमारास लागा. तेव्हा चतुर्थीला साधारण साडेसात आठवडे असतात, आणि त्यातला पहिला महिना नुसता मोजण्यात जातो.

मोजायची वेळ एकच ठरवा: सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, गाडी रात्रभर सपाट जागी उभी असताना. मॅन्युअलमध्ये बहुधा इंजिन गरम करून, बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबून बघायला सांगितलेलं असतं. तीही पद्धत बरोबरच, पण आज गार आणि उद्या गरम असं केलं की आकडे जुळत नाहीत. पार्किंगच्या उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी दोन खुणांची पट्टी, हमखास खोटं बोलते. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, शेवटपर्यंत दाबून घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला नळीतलं ऑइल लागून खूण वर दिसते, म्हणून खालची खूण धरायची. मग ऑइल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच लहान गाड्यांत पाऊण ते एक लिटरचं असतं. ऑइल निम्म्यावर आलं की पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा, पण किती घातलं ते मोजून. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो: डबा ओतण्याआधी आणि ओतल्यावर तोला. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, १०० मिलीचं वजन साधारण ८५ ग्रॅम भरतं. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये डबा ३४० ग्रॅमने हलका झाला, तर गाडीने ४०० मिली खाल्लं.

या महिन्यात एक फेरी हायवेची करा. मुंबई-नाशिक जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर होतात, तेवढी पुरे. काही इंजिनं शहरात ऑइल राखतात आणि तीन हजार आरपीएमवर सलग चालवली की ओढायला लागतात. कोकणासाठी तोच आकडा उपयोगी. गाडी सीएनजीवर असेल तर ऑइलच्या रंगावर जाऊ नका. गॅसवर ऑइल लवकर काळं पडत नाही, ‘अजून सोन्यासारखं आहे’ म्हणत लोक डिपस्टिककडे बघायचं सोडतात, आणि त्या सोन्यासारख्या ऑइलची पातळी खालच्या खुणेखाली गेलेली असते. २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत उलटी फसगत होते. धुराड्यातला फिल्टर साफ व्हायची प्रक्रिया शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे अर्धवट राहिली की थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. तिथे ‘ऑइल कमी झालंच नाही’ हा पुरावा नव्हे, आणि पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय निघायचंच नाही.

आकडा हातात आला की निर्णय सोपा होतो. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंत खप ‘चालतो’ असं लिहितात. हा आकडा वॉरंटीच्या वादासाठी ठीक. ज्या इंजिनात एकूण साडेतीन लिटर मावतं आणि सर्व्हिसिंग दहा हजारांवर आहे, तिथे हजाराला एक लिटर म्हणजे मधल्या काळात इंजिन जवळजवळ तीनदा रिकामं होणं. आमचा हिशोब असा: हजार किलोमीटरला २०० मिलीच्या आत असेल तर निर्धास्त जा, अर्ध्या लिटरपर्यंत असेल तर पुढे दिलेली स्वस्त कामं उरकून जा, अर्धा ते एक लिटर असेल तर डबे आणि तपासणीचं वेळापत्रक घेऊन जा, पाचशे किलोमीटरला लिटर जात असेल तर एसटीचं किंवा रेल्वेचं बघा. हे वेळेवर कळलेलं बरं.

आता ऑइल गळतंय की जळतंय ते वेगळं करा. गळती आधी, कारण ती स्वस्तात बंद होते. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखा, म्हणजे डाग इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे, हिरवट किंवा लालसर डाग कूलंटचा, तपकिरी-काळा चिकट डाग आपल्या कामाचा. डाग पडला नाही म्हणून गळती नाही असंही नाही; चालत्या गाडीत गळणारं ऑइल वाऱ्याने मागे पसरतं आणि चेंबरवर, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यावर, धूळ धरून बसतं. म्हणून इंजिन डिग्रीझरने साफ करून घ्या, शंभरेक किलोमीटर चालवा आणि टॉर्चने बघा. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, कारण ऑइल खालीच ओघळतं. चेंबर ओला दिसला की चेंबरचं पॅकिंग बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात; ऑइल येत असतं वरच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून. मग ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक आणि ड्रेन नट बघा. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवीन बसवला, तर तिथून हायवेवर एकदम धार लागू शकते. ड्रेन नटचा वॉशर दर वेळी नवीन घ्या. नट आवळायचा तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला, लहान गाड्यांत तो बऱ्याचदा ३० ते ४० न्यूटन मीटर असतो. पाईप लावून आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब पडत असेल तर मागचं ऑइल सील गेलंय, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा.

हा पीसीव्ही व्हॉल्व्ह पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक गॅरेजांत तो कोणाच्या लक्षातही येत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरणारा वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळायचा, एवढंच त्याचं काम. तो तुंबला की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि सगळ्या सीलांतून ऑइल बाहेर ढकललं जातं; नवीन सील टाकलं तरी महिन्याभरात गळतं. तो उघडाच अडकला तर ऑइलची वाफ सतत हवेच्या नळीत ओढली जाते. व्हॉल्व्ह काढून हलवा, खुळखुळ वाजला पाहिजे. इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवून त्याच्या तोंडावर बोट धरा, ओढ जाणवली पाहिजे. नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच पडद्याच्या रूपात असतो. पडदा फाटला की शिट्टीसारखा आवाज येतो, आयडल डगमगतं आणि कधी कधी अख्खं कव्हर बदलावं लागतं.

ऑइल जळत असेल तर धूर कधी येतो हे रंगाइतकंच महत्त्वाचं. निळसर धूर ऑइलचा, काळा जास्तीच्या इंधनाचा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट. मागच्या गाडीत कोणालातरी बसवा आणि बोरघाट खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. त्या वेळी इनटेकमध्ये ओढ जोरात असते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत खेचलं जातं; खाली सपाटीला येऊन ॲक्सिलरेटर दाबला की निळा ढग निघतो. सकाळी पहिल्या स्टार्टला एकदाच भपकारा येऊन थांबला तरी खूण तीच, व्हॉल्व्ह सीलची. चढावर, लोडवर सतत धूर येत असेल तर रिंगा. टर्बो गाडी बराच वेळ आयडलवर राहून धूर मारत असेल तर टर्बोकडे बघा. टर्बोच्या नळीत ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल चालत नाही. धूर दिसलाच नाही तरी ऑइल जळत असू शकतं. धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) थोडा धूर गिळतो आणि त्यात स्वतः हळूहळू मरतो, कारण ऑइलमधला फॉस्फरस त्याच्यावर बसत जातो.

प्लग काढून बघा. एकच प्लग ओला-काळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा. प्लगच्या वरच्या विहिरीत ऑइल साचलं असेल तर ते जळण्याचं नव्हे, टॅपेट कव्हरच्या सीलचं लक्षण. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी) करून घेताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, एवढं झालंय ना ते उभं राहून बघा. सिलिंडरांमध्ये एक बारपेक्षा जास्त फरक आला तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे पाच मिली ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा-बोअर, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. इथे बरेच मेकॅनिकही चुकतात: कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा ठीक, असं होत नाही. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑइल खरवडणारी तिसरी रिंग वेगळी. ऑइल बदलायला वेळ लावला, छोट्या फेऱ्या मारल्या की तिच्या मागची बारीक भोकं कार्बनने बुजतात, ती खाचेत चिकटते आणि कॉम्प्रेशन बारा बार असूनही इंजिन ऑइल खात राहतं.

निदान रिंगांपर्यंत गेलं तर एक गोष्ट पक्की करा: प्रवासाच्या तोंडावर हाफ इंजिन काम, म्हणजे इंजिन उघडून रिंगा बदलणं, काढायचं नाही. नवीन रिंगा बोअरवर बसायला पहिले पाचशे ते हजार किलोमीटर हलक्या, बदलत्या लोडवर चालवावे लागतात. गाडी गॅरेजमधून थेट पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढली तर रिंगा नीट बसत नाहीत आणि खर्च वाया जातो. हे काम एकतर तेवढे किलोमीटर चालवायला वेळ राहील असं आधी संपवा, नाहीतर परत आल्यावर काढा. नुसते व्हॉल्व्ह सील असतील तर गोष्ट वेगळी. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले तर बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता ते बदलता येतात. तेवढं प्रवासाच्या तीन आठवडे आधी करायला हरकत नाही. इंजिन फ्लश (आतला गाळ औषधाने धुणं) मात्र जुन्या, चिकट इंजिनात निघायच्या तोंडावर करू नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर जातं.

ऑइलची ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, मॅन्युअलमधलीच. तक्त्यात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही असतील तर ४० घेऊन बघा, खप थोडा उतरतो. पण ०डब्ल्यू-२०साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतायचा गॅरेजमधला जुना तोडगा नको. व्हॉल्व्ह टायमिंग हलवणाऱ्या बारीक वाटांतून तेवढं जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. ऑइल बिलासकट घ्या, डब्याचं सील बघा, आणि रिकामा डबा भंगारात देताना भोक पाडून द्या, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरणार नाही. निघायच्या दहा दिवस आधी ऑइल आणि फिल्टर बदला आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवून नट-फिल्टर कोरडे आहेत का ते बघा. वरच्या खुणेच्या वर भरू नका. चेंबरच्या वर फिरणारी क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो, आणि जास्तीचं ऑइल पीसीव्हीतून पुन्हा इंजिनातच जातं.

डिकीत त्याच ग्रेडचे, आकड्याप्रमाणे एक ते तीन लिटर ऑइलचे डबे उभे ठेवा, नैवेद्याच्या सामानापासून लांब. सोबत लांब नळीचं नरसाळं, जुन्या सुती बनियनची फडकी, टॉर्च, हातमोजे, प्लगचा एक सेट आणि प्लग पाना. ऑइल खाणाऱ्या इंजिनात प्लग काजळून मिसफायर होणं नेहमीचं आहे.

रस्त्यात किलोमीटरपेक्षा तासांवर लक्ष ठेवा. गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावच्या कोंडीत तीन तास गेले तर किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालत असतं आणि आयडलवर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल ओढत असतं. महाडला चहा, चिपळूणला जेवण, कणकवलीला पुन्हा चहा: प्रत्येक थांब्यावर गाडी सपाट जागी लावा, थांबल्या थांबल्या न बघता चहा झाल्यावर डिपस्टिक बघा. निम्म्याखाली गेलं तरच भरा, तेही दोनशे मिली घालून, पाच मिनिटं थांबून, पुन्हा बघून. घाट उतरताना धुराच्या भीतीने न्यूट्रल करू नका, ब्रेक त्याहून महत्त्वाचे.

डॅशबोर्डवरचा झारीसारखा लाल दिवा पातळीचा नसून प्रेशरचा असतो, तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत’ म्हणू नका. बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. कमी असेल तर भरा. पातळी ठीक असूनही दिवा जात नसेल तर गाडी टोइंगवरच जाईल, त्याचा नंबर आधीच मोबाईलमध्ये हवा.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी शेवटचं मोजा आणि एकूण किती डबे लागले ते वहीत लिहा. गाडी वॉरंटीत असेल तर ही वही आणि ऑइलची बिलं घेऊन सर्व्हिस सेंटरला लेखी खप-चाचणी मागा. ते नट, फिल्टर आणि डिपस्टिक सीलबंद करून ठरावीक अंतरानंतर पुन्हा मोजतात. वॉरंटी नसेल तर अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात लेखी अंदाज घेऊन गाडी द्या. त्यात होनिंग (सिलिंडर आतून घासून घेणं), हेड पॅकिंग, नवीन हेड बोल्ट आणि व्हॉल्व्ह सील वेगवेगळे लिहून घ्या, आणि काढलेल्या रिंगा-पिस्टन परत मागा.